पुढच्याची ठेच मागच्याला कळावी कशी?

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने पाठ केलेली असते. परंतु या म्हणीत एक अट गृहीत धरलेली आहे आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुढच्याला ठेच लागल्याचे मागच्याला कळले पाहिजे, ही ती अट. पुढचा कळवळून ओरडला आणि ‘तुला ठेच लागणे शक्यच नाही, हा रस्ता तपासून घेतलेला आहे’ असे उत्तर त्याला मिळाले, तर मागचा शहाणा होण्याचा मार्गच बंद होतो. तोही त्याच दगडावर आपटतो. विमाने, रेल्वे, रुग्णालयांतील उपकरणे, टपाल व बँकांचे व्यवहार अशा असंख्य ठिकाणी आज जो कारभार संगणकाच्या हाती गेला आहे, त्याच्या गेल्या चार दशकांच्या इतिहासात हाच प्रकार पुनःपुन्हा घडलेला दिसतो. यंत्रे चुकली हे खरे. पण यंत्र चुकते आहे असे सांगणाऱ्याचे ऐकले गेले नाही म्हणून माणसांचे बळी गेले, हे त्याहून अधिक खरे आहे.

या बाबतीत कॅनडात तयार झालेल्या थेरॅक-२५ या यंत्राची कहाणी मुळातून समजून घेण्याजोगी आहे. कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा मारा करणारे हे यंत्र ‘ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या तेथील सरकारी मालकीच्या कंपनीने १९८२ च्या अखेरीस बाजारात आणले. अमेरिकेत पाच व कॅनडात सहा अशी एकूण अकरा यंत्रे बसवण्यात आली. एकाच यंत्रातून दोन प्रकारचे उपचार करता येत. गाठ त्वचेलगत असेल तर इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत, आणि ती खोलवर असेल तर क्ष-किरण. क्ष-किरण निर्माण करण्यासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत सुमारे शंभर पटींनी प्रखर करावा लागे आणि त्याच्या वाटेत एक धातूचा आडोसा आणून उभा केला जाई. प्रखर झोत सुरू आहे, पण आडोसा मात्र जागेवर नाही, अशी स्थिती कोणत्याही कारणाने उद्भवली तर समोरच्या रुग्णाची धडगत नव्हती.

ही आपत्ती टाळण्यासाठी आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात स्वतंत्र विद्युत मंडले आणि यांत्रिक अडसर बसवलेले होते. आडोसा जागेवर नसेल तर झोत सुरूच होऊ नये, अशी ती योजना होती. नव्या यंत्रात यांपैकी बरेचसे अडसर काढून टाकण्यात आले आणि त्यांचे काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवण्यात आले. ही आज्ञावली मुख्यतः एकाच व्यक्तीने लिहिलेली होती आणि तिचे काही भाग जुन्या यंत्रांतून उचललेले होते. १९८३ साली कंपनीने सुरक्षिततेचे जे विश्लेषण केले, त्यात आज्ञावलीतील चुकांचा विचारच केला गेला नाही. लोखंडाप्रमाणे आज्ञावली झिजत नाही की थकत नाही, मग ती बिघडेल कशी, असा त्यामागील युक्तिवाद होता. आज्ञावली झिजत नाही हे खरेच आहे. पण जे मुळातच चुकलेले आहे, त्याला चुकण्यासाठी झिजावे लागत नाही, ही साधी गोष्ट नजरेआड झाली.

‘असे होणे शक्य नाही’

३ जून १९८५ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मॅरिएटा या गावी एका एकसष्ट वर्षांच्या स्त्रीवर या यंत्राने उपचार चालू होते. अंगात एकाएकी भयंकर दाह उसळल्याचे तिला जाणवले आणि ‘मला भाजले’ असे तिने तंत्रज्ञाला सांगितले. तसे होणे शक्य नाही, असे उत्तर तिला मिळाले. रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने शंका येऊन कंपनीकडे विचारणा केली. तिकडूनही तीन दिवसांनी तेच उत्तर आले. पुढे त्या स्त्रीचा स्तन काढावा लागला आणि एक हात निकामी झाला.

पुढच्याच महिन्यात कॅनडातील हॅमिल्टन येथे यंत्र उपचाराच्या मध्येच थांबले. पडद्यावर किरणांची मात्रा ‘शून्य’ दिसत होती. म्हणून तंत्रज्ञाने ‘पुढे चालू’ ही कळ दाबली. यंत्र पुन्हा थांबले, कळ पुन्हा दाबली गेली. असे पाच वेळा झाले. यात तंत्रज्ञाला दोष देण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावयास हवे, की हे यंत्र बारीकसारीक कारणांनी सतत थांबत असे आणि दर वेळी एक सांकेतिक क्रमांक दाखवीत असे. कळ दाबली की बहुधा ते विनातक्रार चालू होई. धोक्याची सूचना दिवसातून अनेकदा मिळू लागली की ती धोक्याची राहत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो यंत्र घडवणाऱ्यांनी जाणून घ्यावयाचा असतो. या प्रसंगानंतर कंपनीने एका बारीक स्विचावर संशय धरला. तो बिघाड कंपनीला स्वतःला पुन्हा घडवून दाखवता आला नाही. तरीही स्विचाच्या रचनेत बदल करून यंत्र पूर्वीपेक्षा किमान एक लक्ष पटींनी सुरक्षित झाल्याचे तिने जाहीर केले! डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथून त्वचा भाजल्याची आणखी एक तक्रार आली. तिलाही ‘शक्य नाही’ हेच उत्तर देण्यात आले.

मग २१ मार्च १९८६ रोजी टेक्सास राज्यातील टायलर येथे जे घडले ते अंगावर काटा आणणारे आहे. तंत्रज्ञ स्त्री आपल्या कामात चांगली मुरलेली होती. तिने चुकून क्ष-किरणांचे अक्षर टंकलिखित केले, लगेच ध्यानात आल्यावर मागे जाऊन ते इलेक्ट्रॉनांसाठीच्या अक्षरात बदलले आणि उपचार सुरू केले. पडद्यावर ‘बिघाड ५४’ अशी अक्षरे उमटली. त्यांचा अर्थ सोबतच्या पुस्तिकेत दिलेला नव्हता. मात्रा कमी पडली असे यंत्र दर्शवीत होते, म्हणून तिने पुन्हा कळ दाबली. बंद खोलीत रुग्णाला पहिला जबरदस्त धक्का बसलेला होता आणि तो उठण्याच्या प्रयत्नात असतानाच दुसरा झोत त्याच्यावर आदळला. त्याच दिवशी नेमका खोलीतील कॅमेरा बंद होता आणि बोलण्याची यंत्रणाही नादुरुस्त होती. रुग्णाने दारावर धडका दिल्या तेव्हा बाहेर कळले. एका वेळच्या नेहमीच्या मात्रेच्या ऐंशी पटींहून अधिक किरण क्षणार्धात त्याच्या शरीरात शिरले होते. पाच महिन्यांनी तो मरण पावला.

रुग्णालयाने कंपनीला विचारले, यापूर्वी असे कोठे घडले आहे काय? असा कोणताही अपघात ठाऊक नाही, असे उत्तर मिळाले. तोवर तीन ठिकाणांहून तक्रारी येऊन पडलेल्या होत्या. पुढच्याची ठेच मागच्यापर्यंत पोहोचू न देण्याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण. रुग्णाला विजेचा झटका बसला असावा, अशी शंका काढण्यात आली. तपासणीत तसे काही आढळले नाही, तेव्हा ७ एप्रिलला यंत्र पुन्हा कामावर रुजू झाले आणि ११ एप्रिलला तोच प्रकार दुसऱ्या रुग्णावर घडला. तो तीन आठवड्यांत गेला.

सत्य बाहेर काढले ते कंपनीने नव्हे. टायलरच्या रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ आणि ती तंत्रज्ञ स्त्री हे दोघे यंत्रासमोर बसले आणि आपण त्या दिवशी नेमके काय केले, हे आठवून तेच पुनःपुन्हा करून पाहू लागले. अखेर गुपित उलगडले. यंत्रातील चुंबके जागेवर येण्यास सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या अवधीत कोणी टंकलेखनातील दुरुस्ती आटोपली, तर पडद्यावर ती दिसे, परंतु यंत्राच्या अंतरंगात पोहोचत नसे. नवशिक्याच्या हातून हे घडत नसे, कारण त्याचे बोट सावकाश चाले. हात जितका सरावलेला, तितका धोका अधिक! यावर कंपनीने सुचवलेला तातडीचा उपाय असा, की दुरुस्तीसाठी मागे नेणारी कळ उपटून टाकावी आणि तेथे चिकटपट्टी लावावी.

एवढ्यानेही कथा संपली नाही. १९८७ च्या जानेवारीत याकिमा येथे तिसरा बळी घेणारा अपघात झाला, तो दुसऱ्याच एका चुकीमुळे. आज्ञावलीतील एक मोजणी २५५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येत असे, जसे जुन्या स्कूटरच्या मापकातील आकडे नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवानंतर शून्यावर येतात. तो आकडा शून्य असण्याच्या नेमक्या क्षणी कळ दाबली गेली, तर आडोसा जागेवर आहे की नाही याची तपासणी होतच नसे. अखेर फेब्रुवारी १९८७ मध्ये हे यंत्र नित्याच्या वापरातून काढावे, असे अमेरिकी नियामकाने बजावले. नंतर ज्या सुधारणा झाल्या, त्यांत आज्ञावलीवर अवलंबून नसलेले अडसर पुन्हा बसवण्यात आले. जे आधी काढून टाकले होते, तेच!

फ्यूज उडाला, एवढेच

या प्रकरणातील एक तपशील विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. शिकागो विद्यापीठात जुने थेरॅक-२० हे यंत्र होते. नवी तुकडी शिकण्यास आली की त्या यंत्राचे फ्यूज वरचेवर उडत आणि काही आठवड्यांनी हा प्रकार आपोआप कमी होई. टायलरची वार्ता कळल्यावर तेथील भौतिकतज्ज्ञाने शोध घेतला, तेव्हा नवी मुले उलटसुलट कळा दाबतात आणि त्यातून टायलरमध्ये सापडलेलीच चूक प्रकट होते, असे आढळले. म्हणजे चूक जुन्या यंत्रातही होतीच. परंतु तेथे स्वतंत्र अडसर शाबूत असल्यामुळे फ्यूज उडाला, एवढेच. नव्या यंत्रात अडसर नव्हता, तेथे माणूस गेला.

सुरक्षिततेच्या शास्त्राचे सार या एका तुलनेत आलेले आहे. चूक कधीच होणार नाही, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. हजारो ओळींची आज्ञावली कितीही वेळा तपासली, तरी तपासणीने चुका आहेत एवढेच सिद्ध करता येते. त्या नाहीत हे सिद्ध करता येत नाही. म्हणून चूक झाली तरी ती माणसापर्यंत पोहोचू नये, अशी वेगळ्या जातीची दुसरी भिंत उभारावी लागते. ‘वेगळ्या जातीची’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून उडालेला युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण सदतीस सेकंदांच्या सुमारास भरकटला आणि चार उपग्रहांसह नष्ट झाला. दिशादर्शन करणाऱ्या त्याच्या यंत्रणेची आज्ञावली एरियान-४ मधून तशीच घेतलेली होती. नवा अग्निबाण अधिक वेगवान होता. त्याच्या आडव्या वेगाशी निगडित असलेला एक आकडा ३२,७६७ या मर्यादेपलीकडे गेला आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती. परंतु तिच्यातही तीच आज्ञावली असल्याने ती क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडलेली होती. विशेष म्हणजे ज्या भागाने हा घोटाळा केला, त्याचे अग्निबाण उडाल्यानंतर काही कामच नव्हते. जुन्या घरात निर्धोक असलेली वस्तू नव्या घरातही निर्धोकच असेल असे मानणे, आणि एकाच साच्यातील दोन कुलपांना दुहेरी बंदोबस्त समजणे, या त्या प्रकरणातील दोन चुका होत्या. तेथे जीवितहानी झाली नाही, हे सुदैव.

सर्वत्र तसे सुदैव लाभले नाही. थेरॅकचा धडा तीस वर्षांचा जुना झाला असताना बोइंग ७३७ मॅक्स या विमानात नाक खाली दाबणारी एक आज्ञावली बसवण्यात आली. ती एकाच संवेदकाच्या भरवशावर चालत होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहितीही दिलेली नव्हती. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात पडलेल्या विमानाला आदल्याच रात्री तोच त्रास झाला होता. त्या वैमानिकांनी ती स्वयंचलित हालचाल तोडून विमान सुखरूप उतरवले, परंतु त्यांना आलेला सगळा अनुभव नोंदवहीत उतरला नाही. सकाळच्या वैमानिकांना तो कळला नाही आणि १८९ माणसे गेली. त्यानंतरही विमाने उडतच राहिली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात आणखी १५७ जणांचा अंत झाला, तेव्हा कोठे ती जगभर जमिनीवर आली.

बहानगाचा सांधा

हे सारे परदेशात घडले, असे म्हणून हात झटकण्याची सोय नाही. रेल्वेच्या सिग्नल-केबिनमधील जुन्या लोखंडी दांड्यांची रचना अशी असे, की सांधा योग्य दिशेला बसून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नलची दांडी हलतच नसे. एकेरी मार्गावर टोकन हाती पडल्याशिवाय चालक गाडी पुढे काढत नसे. ‘इंटरलॉकिंग’ हा शब्द भारतीय रेल्वेच्या अंगवळणी पडलेला आहे तो या परंपरेमुळे. आज त्याच तत्त्वावर विद्युत मंडले व संगणक काम करतात आणि एकंदरीत उत्तम काम करतात. परंतु २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. तेथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक प्रवासी प्राणास मुकले.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जे आढळले, ते थेरॅकच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. सिग्नलच्या जोडणीत काही वर्षांपूर्वी जो बदल केला गेला, त्यात चूक राहिली होती. तारांवरील खुणेच्या चिठ्ठ्या चुकीच्या होत्या आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्या दिवशी जवळच्या फाटकाच्या कामासाठी त्याच जोडणीला हात लागला. पण याहूनही अस्वस्थ करणाऱ्या दोन गोष्टी अहवालात आहेत. त्याच खरगपूर विभागात बांकडा नयाबाज स्थानकाजवळ मे २०२२ मध्ये चुकीच्या जोडणीमुळेच असा प्रकार घडला होता. त्यावरून सर्वत्र तपासणी झाली असती, तर बहानगाचा अपघात टळला असता. शिवाय बहानगा येथील सांध्यांचे विचित्र वर्तन यापूर्वीही दिसून आले होते. ते सिग्नल विभागाला कळवले गेले असते, तरी उपाय करता आला असता. अपघातानंतर तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. कोणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. परंतु वर्षभर आधी लागलेली ठेच मागच्या स्थानकापर्यंत का पोहोचली नाही, या प्रश्नाचे उत्तर तीन माणसांच्या अटकेतून मिळत नाही.

‘संगणकात तसेच दिसते’

अग्निबाण आणि सिग्नल यांच्याशी आपला काय संबंध, असे कचेरीत बसणाऱ्या कारकुनास वाटत असेल, तर त्याने ब्रिटनमधील टपाल खात्याची हकीकत अवश्य समजून घ्यावी. तेथे १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकीय यंत्रणा बसवण्यात आली. लवकरच गावोगावच्या टपालघरांतील हिशेबांत तूट दिसू लागली. ‘आम्ही पैसे घेतलेले नाहीत, यंत्रणाच चुकते आहे’ असे टपालघरे चालवणारे सांगत राहिले. अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात, असे उत्तर त्यांतील अनेकांना मिळाले. संगणक सुस्थितीत चालू होता, असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही त्या देशातील कायद्याची रीत. तो चुकला हे दाखवण्याचा भार आरोपीवर, आणि दाखवण्याची साधने मात्र यंत्रणेच्या मालकाकडे! २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे विकली गेली. यंत्रणेत खरोखरीच दोष होते, हे उच्च न्यायालयाने २०१९ साली मान्य केले आणि उरलेल्यांच्या शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ साली संसदेला खास कायदा करावा लागला. या काळात किमान तेरा जणांनी आत्महत्या केली असावी, असे सार्वजनिक चौकशीच्या २०२५ मधील अहवालात नमूद आहे.

तेव्हा जीवघेणी यंत्रणा म्हणजे केवळ विमान किंवा किरणोपचाराचे यंत्र नव्हे. माणसाच्या शब्दापेक्षा यंत्राचा शब्द वरचढ मानला गेला, की हिशेबाची वहीदेखील प्राणघातक ठरू शकते. रेशनच्या दुकानात म्हाताऱ्या मजुराच्या बोटाचा ठसा जुळत नाही, किंवा पेन्शनरास ‘संगणकात तुमचे नाव दिसत नाही’ असे सांगून परत पाठवले जाते, तेव्हा खिडकीच्या दोन्ही बाजूंना असलेली माणसे खरे काय ते जाणत असतात. तरीही निर्णय यंत्राचाच लागू होतो, कारण यंत्राविरुद्ध लिहून ठेवण्याची सोय खिडकीपाशी नसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की प्रत्येक तक्रारीसरशी यंत्र थांबवायचे ठरवले तर काम चालणार कसे? आक्षेप गैर नाही. तक्रारी पुष्कळदा चुकीच्या असतात आणि यंत्रांनी वाचवलेल्या प्राणांची संख्या घेतलेल्या प्राणांहून कितीतरी मोठी आहे. किरणोपचार सोडून कर्करोगाशी झुंजता येणार नाही आणि हाती कंदील घेऊन आजची रेल्वे चालवता येणार नाही. परंतु प्रत्येक तक्रार खरी मानावी, असे कोणी म्हणत नाही. ती खोटी ठरेपर्यंत तिचा शोध घ्यावा आणि ती खोटी ठरवण्याचा भार यंत्र घडवणाऱ्याने उचलावा, एवढीच अपेक्षा आहे. आजवर काही झाले नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा होऊ शकत नाही. थेरॅकवर हजारो उपचार निर्विघ्न पार पडले होते, आणि त्या आकड्यावर भिस्त ठेवूनच रुग्णांच्या तक्रारी फेटाळल्या गेल्या होत्या.

काय करता येईल याची उदाहरणेही आहेत. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक व नियंत्रक आपल्या हातून झालेल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग गोपनीयपणे कळवू शकतात. ही पत्रे दंड करणाऱ्या खात्याकडे न जाता नासाकडे जातात. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर कळवणाऱ्यास शिक्षेतून सूट मिळते. दंड करणारा कान आणि ऐकून घेणारा कान वेगळा ठेवल्याखेरीज माणूस खरे बोलत नाही, हे त्यामागील शहाणपण. थेरॅकच्या काळी अमेरिकेतील रुग्णालयांवर उपकरणाचे अपघात कळवण्याचे बंधन नव्हते. १९९० च्या कायद्याने ते आले. एरियानच्या चौकशी समितीने सात आठवड्यांच्या आत आपला अहवाल दिला आणि तो जगासमोर ठेवला गेला. जगभरचे अभियंते आजही त्यावरून शिकतात.

भारतात पाया अगदीच नाही असे नव्हे. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची यंत्रणा रेल्वे खात्याखाली न ठेवता नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेली आहे, ती आपल्याच खात्याची चौकशी आपणच करू नये या विचाराने. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून सुरू आहे. आता गरज आहे ती या यंत्रणांना कामाला लावण्याची. अपघातांचे संपूर्ण अहवाल ठरलेल्या मुदतीत आणि सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत प्रसिद्ध झाले पाहिजेत. एका स्थानकावर, एका रुग्णालयात किंवा एका कोषागारात आढळलेली चूक तशीच यंत्रणा असलेल्या इतर सर्वांना लेखी कळवण्याची सक्ती हवी. प्रत्येक खिडकीपाशी यंत्राविरुद्धची तक्रार नोंदवण्याची वही असावी, आणि त्या वहीतील नोंद यंत्राच्या मालकाखेरीज दुसऱ्या कोणीतरी वाचावी.

शिक्षकांकडेही यातील एक वाटा जातो. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत यंत्र घडवावे कसे हे शिकवले जाते. यंत्र बिघडल्यावर काय काय घडले, हे क्वचितच शिकवले जाते. वैद्यकाचा विद्यार्थी शवविच्छेदन केल्यावाचून डॉक्टर होत नाही. मग आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाने एकही अपघाताचा अहवाल न वाचता पदवी घ्यावी, हे कसे चालावे? आणि शाळेतील मुलाने ‘गणित चुकले आहे’ असे पुस्तकातील उत्तराविषयी म्हटले, तर त्याला खाली बसवण्याऐवजी फळ्यापाशी बोलावून ते करून पाहण्याची सवय गुरुजींनी लावली, तरी पुष्कळ साधेल. टायलर येथील त्या दोघांनी याहून वेगळे काही केले नव्हते. आपल्या समोर जे घडले ते खरे मानून ते यंत्रापाशी बसले आणि ‘शक्य नाही’ म्हणून सांगितलेली गोष्ट त्यांनी घडवून दाखवली. तसे बसण्यास सवड देणारा आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणारा वरिष्ठ प्रत्येक कचेरीत, कारखान्यात आणि रुग्णालयात असेल, तरच मागचा शहाणा होण्याची आशा बाळगता येईल.